मोटारीची तहान

श्रोतेहो, घाटात एस.टी. थांबली आहे, पुढून वाफेचा लोट उठतो आहे आणि ड्रायव्हर डबा घेऊन ओढ्याकडे निघाला आहे, हे दृश्य तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळदा पाहिले असेल. मोटारीला पाणी कशाला लागते, आणि ते गळू का लागते? या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

इंजिनात तेल जळते, पण त्या उष्णतेतला थोडाच भाग चाके फिरवतो. उरलेली उष्णता बाहेर काढली नाही तर इंजिन जाम होते. जर्मनीत १८८६ साली कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. तिच्यात इंजिनाभोवतीचे पाणी सरळ उकळून वाफ होऊन जाई. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. वाट सुमारे १०० किलोमीटरची. पण वाटेत पुन्हा पुन्हा थांबून पाणी भरावे लागले. मोटारीची तहान अशी जन्मापासूनची आहे!

ती भागवली विल्हेल्म मायबाख या कारागिराने. १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीसाठी त्यांनी मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात जेमतेम ६ मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जाई, त्यांच्याभोवती पाणी खेळे. अवघे ९ लिटर पाणी पुरू लागले. पण बघा, नळ्या आठ हजार, म्हणजे त्यांची टोके सोळा हजार, आणि सगळी झाळून जोडलेली. जिथे सांधा, तिथे गळतीची भीती आलीच.

पुढे तांब्या-पितळेचे रेडिएटर घरोघरच्या गाड्यांत आले. खड्ड्यांचे हादरे, उडालेला खडा, जड पाण्याचा क्षार, यांनी ते गळत. दुरुस्ती तशी सोपी. रेडिएटर उतरवायचा, त्याची तोंडे बंद करून पाण्यात बुडवायचा आणि हवा भरायची. सायकलचे पंक्चर शोधतात तसेच; बुडबुडे येतील तिथे भोक. जागा घासून लख्ख करायची, तेजाब लावायचे आणि कथील-शिशाचा डाग द्यायचा. तांबे १,०८५ अंशांना वितळते, डागाचे मिश्रण दोनशेच्या आसपास. म्हणून भोक बुजते आणि नळी शाबूत राहते. शिक्षकबंधूंनी वर्गात सांगण्याजोगा हा धडा आहे.

वाटेतच गळती लागली तर हळदीची पूड टाकण्याची युक्ती आपल्याकडे ठाऊक आहे. पूड भोकाशी साचते, झिरपणे थांबते. पण तीच पूड बारीक नळ्याही तुंबवते. तेव्हा तो उपाय गावापर्यंत पोचण्यापुरता.

आता एक घरची गोष्ट सांगतो. माझे मामा जीप चालवत. एकदा अडलेल्या बाईला तालुक्याला नेताना रेडिएटर गळून इंजिन तापले. मामांनी घाईघाईने झाकण उघडले. रेडिएटरमध्ये पाणी दाबाखाली असते, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण निघताच मात्र भसकन उसळते. मामांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत दोन तास गेले. बाई सुखरूप सुटली, हे नशीब. मामा पुढे नेहमी म्हणत, "अर्धा तास वाचवायला गेलो, अन् दोन तास घालवले."

आजच्या बहुतेक गाड्यांत रेडिएटर ॲल्युमिनियमचा, आणि त्याच्या टाक्या प्लास्टिकच्या. ॲल्युमिनियमवर जुना डाग धरत नाही, प्लास्टिकला तर तो देताच येत नाही. म्हणून पुष्कळदा अख्खा रेडिएटरच बदलतात, आणि डाग देणाऱ्या कारागिराची भट्टी थंडावली आहे.

धातू बदलला, कारागीर मागे पडला. पाण्याचा स्वभाव मात्र बदललेला नाही. गाडीतून वाफ निघाली की इंजिन बंद करा, सावलीत बसा आणि रेडिएटर हाताला गार लागेपर्यंत झाकणाला हात लावू नका. पहिली दुरुस्ती ती, बाकीची मागाहून.