नॅनो : एका बुटक्याची वंशावळ

‘नॅनो’ म्हटले की मला प्रथम 2008 सालची चिमुकली मोटारच आठवे. परंतु शब्दाची वंशावळ धुंडाळता, बुटका या अर्थाचा ग्रीक ‘नानोस’ लॅटिनमध्ये ‘नानुस’ होऊन इटालियनात ‘नानो’ या रूपाने अद्याप नांदताना आढळला. 1960 साली आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीने त्यास अब्जांशाची सनद बहाल केली. 1974 साली जपानच्या नोरिओ तानिगुचींनी त्यास ‘टेक्नॉलॉजी’ जोडली. 1995 साली अमेरिकेत मंजूर झालेल्या ‘डॉक्सिल’मध्ये कर्करोगावरील जहाल औषध सुमारे 100 नॅनोमीटरच्या मेदगोलकांत बंदिस्त असते, आणि अर्बुदाच्या सच्छिद्र रक्तवाहिन्यांतून ते गोलक इष्ट स्थळी पाझरतात. आज मात्र मोबाइलचे सिम नॅनो, शेतातला युरियाही नॅनो. बुटक्याची बढती झाली, ती थोर होऊन!