एका रेघेची जाडी

नारायणगावहून खोडदकडे जाताना शेतांपलीकडे प्रचंड तबकड्या दिसू लागतात. जुन्नर तालुक्यातली ही जीएमआरटी रेडिओ दुर्बीण. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती १९९० च्या दशकात उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, प्रत्येकीकडून दोन ध्रुवीकरणांचे संकेत, म्हणजे एकूण ६० संकेत. त्यांची एकमेकांशी तुलना करायची, तर साठही ठिकाणची सर्किट बोर्डे शक्य तितकी एकसारखी हवीत.

बोर्डावर तारांऐवजी तांब्याच्या रेघा असतात. त्यांचा नकाशा आखणारा एक आणि बोर्ड बनवणारा दुसरा. नकाशा त्याच्यापर्यंत पोचवायचा कसा?

पूर्वी पारदर्शक फिल्मवर काळी चिकटपट्टी लावून चौपट मोठा नकाशा करत आणि फोटो काढून तो लहान करत. त्यामुळे हाताची ०.४ मिलिमीटरची चूक बोर्डावर ०.१ मिलिमीटरच उरे.

पुढे प्रकाशाने फिल्मवर रेघा ओढणारी यंत्रे आली. त्यांच्यासाठी जोसेफ गर्बर यांच्या अमेरिकन कंपनीची आकड्यांची भाषा रूढ झाली. तिचे १९८० चे रूप असे: 'डी-१० हे छिद्र घे, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत जा.' पण डी-१० किती रुंद, हे मात्र वेगळ्या यादीत! यादी हरवली किंवा जुनी निघाली, की सगळे बिंदू बरोबर आणि बोर्ड चुकीचा.

रेडिओ संकेतांच्या बाबतीत ही चूक महागात पडते. तिथे रेघेच्या रुंदीवर तिचा इम्पिडन्स ठरतो. तो जुळला नाही, तर संकेताचा काही भाग उलटा परततो.

१९९८ मध्ये छिद्रांची मापे त्याच फाइलीत आली. २०१४ पासून फाइल बोर्डाच्या कोणत्या थराची, हेही तीत लिहिता येऊ लागले. जीएमआरटीच्या नूतनीकरणात 'रोच' नावाची बोर्डे वापरली गेली. ती दक्षिण आफ्रिका व अमेरिकेतील अभियंत्यांनी मिळून रचलेली. रचणारे आणि वापरणारे इतके दूर असतील, तर मनात ठेवलेली माहिती उपयोगाची नसते.

जुन्नर-आंबेगावच्या शाळा विज्ञान दिनाला खोडदच्या प्रदर्शनात प्रकल्प मांडत आल्या आहेत. त्याआधी वर्गात एक खेळ घ्यावा. एका मुलाने आलेखकागदावर चित्र काढावे आणि दुसऱ्याला फक्त बिंदूंचे आकडे सांगावेत. दोन्ही कागद शेजारी ठेवले, की काय सांगायचे राहिले ते मुलेच सांगतील.