सिराकुझातली दोन देवळं: एक वापरात राहिलं, एक 'मूळ रूपात' आणलं

सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावरचं सिराकुझा आपल्याला आर्किमिडीजचं गाव म्हणून माहीत असतं. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव बहुधा सिरॅक्यूज असं असतं. या शहराचा सगळ्यात जुना भाग म्हणजे ऑर्तीजा. हे एक छोटं बेट आहे, पण छोटासा पूल ओलांडला की तुम्ही तिथे पोचता. इ.स.पू. आठव्या शतकात कोरिंथहून आलेल्या ग्रीकांनी इथे वस्ती केली, आणि तेव्हापासून आजपर्यंत इथे माणसं राहतायत.

माझ्या संशोधनाचा प्रश्न सांगायला सोपा आहे. एखाद्या जुन्या वास्तूचं जतन करताना तिच्या आयुष्यातला कोणता काळ ठेवायचा आणि कोणता खरवडून काढायचा, हे कोण ठरवतं? कशावरून ठरवतं? ऑर्तीजात पंधरा मिनिटं चाललात तरी या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरं तुमच्यासमोर उभी राहतात. चला तर मग.

पूल ओलांडला की लगेच अपोलोचं देऊळ लागतं. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुरुवातीचं हे देऊळ सिसिलीतल्या सगळ्यात जुन्या दगडी डोरिक देवळांपैकी एक आहे. जोत्याच्या पायरीवर ग्रीक लेख कोरलेला आहे. आज तुम्हाला काय दिसतं? कुंपणाच्या आत जोतं, दोन अख्खे खांब, बाकीच्यांचे बुंधे, गाभाऱ्याच्या भिंतीचा एक तुकडा. आपण म्हणतो, 'अरेरे, अडीच हजार वर्षांत एवढंच उरलं!'

इथेच आपण फसतो. हे देऊळ अडीच हजार वर्षं असं उघडं पडलेलं नव्हतं. ग्रीक देव गेल्यावर त्याचं बायझंटाईन चर्च झालं, मग अरबांच्या काळात मशीद, नॉर्मन आल्यावर पुन्हा चर्च आणि स्पॅनिश अमलात सैनिकांची बराक. आजूबाजूला घरं चिकटली. 19 व्या शतकात संशोधकांना देवळाचे अवशेष सापडले तेही या बराकीच्या आत. नंतर 1938 ते 1942 या काळात मोठं उत्खनन झालं आणि ग्रीक नसलेलं जवळजवळ सगळं काढून टाकलं गेलं. म्हणजे देवळाचे दगड इ.स.पू. सहाव्या शतकातले असले तरी हे 'भग्नावशेषा'चं रूप विसाव्या शतकात घडवलेलं आहे.

या पद्धतीला इटालियनमध्ये 'रिप्रिस्तिनो' म्हणतात. वास्तू तिच्या मूळ रूपात परत आणणं, असा त्याचा अर्थ. ऐकायला छान वाटतं ना? पण 'मूळ' कोणतं, हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. त्या काळी इटलीत मुसोलिनीची सत्ता होती आणि प्राचीन वैभव 'मोकळं' करायचं काम देशभर चाललं होतं. अशा हिशेबात मशीद आणि बराक म्हणजे वरून चढलेली पुटं ठरतात.

आता देवळापासून सरळ, रुंद रस्त्याने पुढे चला. दोन्ही बाजूंना दुकानं आहेत आणि पर्यटकांची गर्दी आहे. बाकीच्या ऑर्तीजातल्या गल्ल्या एवढ्या अरुंद आणि वाकड्या, मग हा एकच रस्ता असा कसा? कारण तो 1930 च्या दशकात मध्ययुगीन वस्ती पाडून काढलेला आहे. अशा पाडापाडीसाठी इटालियन शब्द आहे 'स्व्हेन्त्रामेन्तो', म्हणजे शब्दशः पोट फाडणं. फॅसिस्टांनी या रस्त्याचं नाव ठेवलं होतं 'व्हिया देल लित्तोरियो'. आज तो 'कोर्सो मात्तेओत्ती' आहे. 1924 मध्ये फॅसिस्टांनी खून केलेला समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती याचं ते नाव. पाटी बदलली, पाडलेली घरं मात्र परत आली नाहीत.

रस्ता संपतो तो आर्किमिडीज चौकात. तिथून थोडं पुढे गेलं की कॅथेड्रलचा चौक. कॅथेड्रलचा दर्शनी भाग पूर्ण बरोक आहे. 1693 च्या भूकंपात आधीचा पडला, मग आंद्रेआ पाल्माच्या आराखड्यानुसार 18 व्या शतकात हा उभा राहिला. फोटो काढा, पण तिथेच थांबू नका. डाव्या बाजूच्या गल्लीत वळा आणि भिंत बघा. भिंतीत अर्धवट बुडालेले प्रचंड डोरिक खांब दिसतील.

हे अथेनाचं देऊळ. इ.स.पू. 480 मध्ये हिमेराच्या लढाईत कार्थेजचा पराभव केल्यावर गेलोन या सत्ताधीशाने ते बांधलं. सिसेरोने याच देवळाच्या हस्तिदंती नक्षीच्या दारांचं वर्णन केलंय आणि रोमन सुभेदार व्हेरेसने इथली संपत्ती कशी लुटली तेही सांगितलंय. पुढे ख्रिस्ती लोकांनी देऊळ पाडलं नाही. त्यांनी खांबांमधल्या मोकळ्या जागा भिंतीने बुजवल्या आणि गाभाऱ्याच्या भिंतींमध्ये कमानी कापल्या. झालं चर्च! आजही तिथे प्रार्थना होते. अपोलोच्या देवळापेक्षा हे कितीतरी जास्त शाबूत राहिलं, कारण ते कधी रिकामं पडलं नाही.

पण म्हणून ही गोष्ट अगदी निर्मळ आहे असं नाही. आत गेलात की दगड उघडा दिसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथेही आतली बरोक सजावट खरवडली गेली, ग्रीक खांब दिसावेत म्हणून. बाहेरचं बरोक ठेवलं, आतलं काढलं. एकाच इमारतीला दोन न्याय.

मग खरवडणारे सगळे खलनायक होते का? मला तसं वाटत नाही. त्यांच्यामुळेच अपोलोच्या देवळाचा पूर्ण आराखडा आज डोळ्यांना दिसतो. ते ज्ञान खरं आहे, फक्त त्याची किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी इतिहासाने चुकवली. म्हणूनच 1964 च्या व्हेनिस सनदेने सांगितलं की वास्तूत प्रत्येक काळाने घातलेली भर जपली पाहिजे, आणि काही काढायचंच असेल तर तो निर्णय काम करणाऱ्या एकट्या माणसावर सोडू नये.

परत पुलाकडे जाताना अपोलोच्या देवळापाशी पुन्हा एकदा थांबा. या वेळी खांब बघू नका. गाभाऱ्याच्या उरलेल्या भिंतीत नंतरच्या काळातलं, चर्चचं एक दार अजून आहे, ते शोधा. एवढं सगळं काढूनही ते राहिलं. 'ग्रीक' देवळात इतर लोकही शतकानुशतकं ये-जा करत होते, याचा तो पुरावा आहे.