घोष आणि अघोष : संघाची वाचा व इंग्रजी शिकणारी आपली मुले

विनयपिटकावरील ‘समन्तपासादिका’ या अट्ठकथेच्या अखेरच्या भागात आचार्य बुद्धघोषांनी उच्चारांविषयी एक छोटेसे विवेचन केले आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात, सिंहलद्वीपातील अनुराधपूरच्या महाविहारात लिहिल्या गेलेल्या या विवेचनाचा प्रश्न साधा आहे : संघकर्माच्या वेळी भिक्खूने एखादे अक्षर चुकीचे उच्चारले तर ते कर्म टिकते की बिघडते? हा प्रश्न आता केवळ विनयाच्या अभ्यासकांचा राहिलेला नाही, असे आम्हांस वाटते. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी इंग्रजी बोलले नाही अशा घरांतील मुले आज मोठ्या संख्येने इंग्रजी शिकत आहेत. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. या मुलांच्या उच्चाराला हसणारे लोक पुष्कळ आहेत; उच्चार कसा होतो हे समजावून सांगणारे थोडे. अशा वेळी आपल्याच परंपरेत या विषयाचे जे शास्त्र आहे, त्याकडे वळणे अगत्याचे ठरते.

घोष म्हणजे काय?

गळ्यावर दोन बोटे ठेवून ‘स्‌स्‌स्’ असा लांब उच्चार करावा. बोटांना काहीच जाणवत नाही. मग ‘म्‌म्‌म्’ म्हणावे. बोटांखाली कंप जाणवतो. हा कंप म्हणजे घोष. कंठातील स्वरतंतू जवळ येऊन थरथरले की व्यंजन घोष होते, ते दूर राहून नुसता श्वास बाहेर गेला की अघोष. शालेय मराठी व्याकरणात यांनाच अनुक्रमे मृदू व कठोर म्हटले जाते.

पालि व्याकरणकार कच्चायनांनी पालीची एक्केचाळीस अक्षरे मानली : 8 स्वर आणि 33 व्यंजने. घोष व अघोष या संज्ञा संस्कृत ग्रंथांतील आहेत, पण प्रयोजन असेल तेथे त्या पालीतही वापराव्यात, असा त्यांचा मोकळा दृष्टिकोन आहे. त्यांच्या व्याकरणाच्या वृत्तीनुसार प्रत्येक वर्गातील पहिली दोन व्यंजने आणि ‘स’ मिळून 11 अघोष होतात. वर्गातील उरलेली तीन व्यंजने आणि य, र, ल, व, ह, ळ मिळून 21 घोष होतात. राहिले ते निग्गहीत, म्हणजे अनुस्वार.

याहून वेगळा असा दुसरा भेद आहे, तो शिथिल आणि धनित यांचा. शिथिल म्हणजे आपण ज्याला अल्पप्राण म्हणतो ते, आणि धनित म्हणजे महाप्राण. ‘प’ आणि ‘ब’ यांच्यात फरक घोषाचा आहे. ‘प’ आणि ‘फ’ यांच्यात श्वासाच्या झोताचा. प, फ, ब, भ या चार अक्षरांत हे दोन्ही भेद एकत्र दिसतात. हे दोन भेद वेगळे ठेवले की पुढील विवेचन सोपे होते.

अट्ठकथेचा निर्णय

बुद्धघोषांनी उच्चाराचे दहा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी ऱ्हस्व-दीर्घ, लघु-गुरू, जोडून म्हणणे व तोडून म्हणणे या सहा बाबतींत घोटाळा झाला तरी कर्म बिघडत नाही. मात्र काळजी घ्यावी. उरलेल्या चारांत चूक झाली तर कर्मवाचा दूषित होते. शिथिलाच्या जागी धनित, धनिताच्या जागी शिथिल, विमुक्ताच्या जागी निग्गहीत आणि निग्गहीताच्या जागी विमुक्त, या त्या चार चुका होत. ‘सुणातु’ऐवजी ‘सुणाथु’ म्हणणे, ‘भन्ते संघो’ऐवजी ‘बन्ते संगो’ म्हणणे ही त्यांची उदाहरणे. आपल्या विहारांत घाईने म्हटलेला ‘बंते’ पंधराशे वर्षांपूर्वीही आचार्यांच्या कानी पडला होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

यानंतर आचार्य घोष-अघोषाकडे येतात. सुत्तन्त पठण करणाऱ्या थेरांचे मत ते नोंदवतात : ‘द’चा ‘त’ होतो, ‘त’चा ‘द’ होतो, ‘च’चा ‘ज’ आणि ‘ज’चा ‘च’ होतो, म्हणून एकाच्या जागी दुसरे अक्षर आले तरी विरोध नाही. हे मत निराधार नव्हते. मिलिंद राजाची राजधानी संस्कृतात ‘शाकल’, पालीत ‘सागल’. येथे अघोषाचा घोष झाला. ‘चेदि’ जनपद पालीत ‘चेति’ झाले, ‘कुसीद’ म्हणजे आळशी हा शब्द ‘कुसीत’ झाला. येथे घोषाचा अघोष झाला. अशोकाच्या शिलालेखांतही ग्रीक राजा अंतियोकाचे नाव गिरनार येथे ‘क’ने, तर कालसी येथे ‘ग’ने कोरलेले आहे. प्रदेशाप्रदेशाच्या जिभेप्रमाणे हे भेद पडले, आणि त्यामुळे कोणाचा धम्म उणा झाला नाही.

परंतु कर्मवाचेत ही मोकळीक चालणार नाही, असा बुद्धघोषांचा निर्णय आहे. विनयधराने ‘द’चा ‘त’ करू नये, ‘च’चा ‘ज’ करू नये. कारण कर्मवाचा हे संघाचे विधिवचन आहे. ती उच्चारली जाते तेव्हाच एखाद्याची उपसंपदा होते, एखादा वाद मिटतो. तेथे शब्द संशयातीत हवा.

म्हणजे परंपरेने दोन कसोट्या ठेवल्या. धम्म सांगताना व ऐकताना अर्थ पोचला की पुरे; जेथे उच्चारावरच कार्याची सिद्धी अवलंबून आहे, तेथे अक्षर काटेकोर हवे. श्रामणेराच्या प्रव्रज्येत सरणवचन देणारा व घेणारा या दोघांचाही उच्चार शुद्ध लागतो. उपसंपदेत मात्र एका बाजूची, म्हणजे आचार्याची शुद्धी पुरते. उपासकाच्या सरणगमनाचा आधार तर अट्ठकथांनी चित्ताच्या श्रद्धेतच मानला आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो कंठांतून सरणवचने उमटली तेव्हा अनेकांच्या ओठी अक्षरे अडखळली असतील; त्याने त्यांच्या दीक्षेला बाधा आली नाही. महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी पालीत त्रिसरण-पंचशील घेतले, ते जनतेला दिले, आणि बावीस प्रतिज्ञा मात्र मराठीत दिल्या. दोन्ही कसोट्यांचे भान त्या एका सोहळ्यात दिसते.

हे शास्त्र कोणाचे?

उच्चारशास्त्राचा उगम वैदिक प्रातिशाख्यांत आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. कंठ आवळला असता नाद होतो व उघडा असता श्वास, हे तैत्तिरीय प्रातिशाख्याने नेमके सांगितले आहे. परंतु ज्या समाजरचनेत ते सांगितले गेले, तिने वेदाचा उच्चारच काय, श्रवणही शूद्रांना निषिद्ध ठरवले. हे ज्ञान शरीराविषयीचे आणि शरीर तर प्रत्येकाला. तरीही ज्ञानावर जन्माचे कुलूप. विसाव्या शतकातही एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना संस्कृत शिकता आले नाही, फारसी घ्यावी लागली, हे वाचकांस ठाऊक आहेच.

बुद्धाच्या संघात चित्र निराळे होते. ब्राह्मण कुळातून आलेल्या, गोड आवाजाच्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत घालण्याची अनुज्ञा मागितली, तेव्हा तथागतांनी ती नाकारली आणि आपापल्या भाषेत धम्म शिकण्यास अनुमती दिली, असे चुल्लवग्ग सांगतो. आणि ज्या विनयात अक्षर न् अक्षर सांभाळावयाचे, त्या विनयधरांत अग्र कोण? शाक्यांचा न्हावी उपालि. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे संगायन त्याच्याच मुखातून झाले. ज्याच्या हाती वस्तरा होता त्याच्या जिभेवर संघाने आपली सर्वांत काटेकोर वाचा सोपवली. शुद्ध उच्चार ही कुळाची ठेव नसून शिकण्याची गोष्ट आहे, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आमच्या परिसरालाही याचे स्मरण आहे. ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरच्या मानपाड्यामागे जो डोंगर व जे जंगल आहे, त्याच्या पलीकडच्या अंगाला कान्हेरीची लेणी आहेत. डोंबिवलीतील मानपाडा रस्त्यापासून प्राचीन कल्याण बंदर दूर नाही. कान्हेरीच्या प्राकृत लेखांत कल्याणच्या सोनाराचे व लोहाराचे दान नोंदलेले आहे. कारागिरांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या त्या लेण्यांत उपोसथासारखी संघकर्मे वाचेनेच होत असत.

युरोपात जाऊन परत

युरोपीय व्याकरणकार एकोणिसाव्या शतकापर्यंत या व्यंजनांना ‘कठीण’, ‘मऊ’ अशी ढोबळ नावे देत; फरक कंठात आहे ही गोष्ट त्यांना स्पष्ट नव्हती. मॅक्सम्युलर यांनी ऋग्वेद प्रातिशाख्य, तर अमेरिकन पंडित व्हिटनी यांनी 1862 मध्ये अथर्ववेदाचे व 1871 मध्ये तैत्तिरीय प्रातिशाख्य प्रसिद्ध केले. 1855 च्या सुमारास गायनशिक्षक गार्सिया यांनी आरशाच्या साहाय्याने जिवंत माणसाचे स्वरतंतू हलताना पाहिले. ग्रंथ आणि निरीक्षण या दोहोंतून आधुनिक ध्वनिशास्त्र घडत गेले. 1886 साली पॅरिस येथे पॉल पासी यांनी ध्वनिशास्त्रीय संघटना स्थापिली, ती मुख्यतः भाषा शिकवणाऱ्या, त्यातही इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांची होती. आज इंग्रजीच्या कोशात उच्चारासाठी जी चिन्हे दिसतात ती तेथूनच आली. म्हणजे इंग्रजी शिकविण्याच्या शास्त्रात भारतीय विचाराचा अंश आहे. आपण ते उसने घेत नाही.

‘बुद्ध’ शब्द आणि इंग्रजीचा नियम

आता प्रत्यक्ष अडचणी पाहू. मराठी मुलाला प-ब, त-द, क-ग हे भेद उपजत येतात. त्याची अडचण वेगळी आहे. इंग्रजीत शब्दाच्या आरंभीचा ‘प’ धनिताकडे झुकतो. ‘पिन’ म्हणताना ओठांपुढे धरलेला कागदाचा कपटा हलतो. आपले मूल शिथिल ‘प’ उच्चारते, आणि इंग्रज कानाला तो ‘बिन’ वाटू शकतो. शिक्षक म्हणतात, ‘ब म्हणू नकोस’. मूल तर ‘ब’ म्हणतच नाही! घोष बरोबर आहे, प्राण कमी आहे. बुद्धघोषांचे दोन भेद माहीत असलेला शिक्षक ही चूक करणार नाही. ‘स्पिन’मध्ये मात्र हा झोत नसतो, तेथे मराठी ‘प’ अगदी बरोबर.

दुसरी अडचण शब्दांच्या शेवटी येते. अनेकवचनाचा ‘एस’ लिहिताना एक, पण उच्चारताना दोन : ‘बुक्स’मध्ये स, ‘बॅग्झ’मध्ये झ. भूतकाळाचा ‘ईडी’ही तसाच : ‘लुक्ट’, पण ‘बेग्ड’. ही यादी पाठ करण्याची गोष्ट नव्हे. अघोषामागे अघोष, घोषामागे घोष. कंठ एकदा कंपू लागला की प्रत्ययातही कंपत राहतो. ‘वॉन्टेड’, ‘बसेस’ यांत दोन सारखी व्यंजने लगत येऊ नयेत म्हणून मध्ये स्वर येतो, एवढेच.

हा नियम आपल्या मुलांना परका नाही. शाळेतील संधीत जगत् + ईश = जगदीश होते, तेथे पुढच्या घोषामुळे मागचे अक्षर बदलते. इंग्रजीत मागच्यामुळे पुढचे बदलते. पालीत त्याचेही उदाहरण आहे, आणि ते रोज आपल्या मुखात असते. ‘बुध्’ धातूला ‘त’ प्रत्यय लागतो. ‘मुच्’ला तो लागला की ‘मुत्त’ होते, अघोष अघोषच राहते. परंतु ‘बुध्’च्या शेवटी घोष महाप्राण ‘ध्’ आहे. त्याच्या संगतीने अघोष ‘त’ घोष होतो आणि शब्द बनतो ‘बुद्ध’. ‘लभ्’पासून ‘लद्ध’ होतो तो असाच. पालीत हे घोष महाप्राणानंतर घडते, इंग्रजीत कोणत्याही घोषानंतर. पण कंठाचे काम तेच. ज्या मुलाला ‘बुद्ध’ शब्द कसा बनला हे कळले, त्याला ‘बेग्ड’ का म्हणायचे हे दोन मिनिटांत कळते.

विहारातील रविवारच्या वर्गात हे शिकविण्यास साधने लागत नाहीत. गळ्यावर दोन बोटे आणि ओठांपुढे कागदाचा कपटा पुरे. ‘झ’ साधण्यासाठी ‘जहाज’मधला ज जीभ न टेकवता लांबवावा आणि लगेच ‘स’ म्हणून फरक पाहावा. ‘बॅक’ आणि ‘बॅग’ म्हणताना दुसऱ्यातला स्वर किंचित लांबतो, तो कानाने टिपावा. त्याच तासात वंदनेतील ‘भन्ते’, ‘सिक्खापदं’, ‘गच्छामि’ ही पदेही याच रीतीने तपासावीत; ‘भ’ भरून यावा, ‘क्ख’चा झोत हाताला लागावा. एका अभ्यासात दोन भाषा सुधारतात.

मात्र कसोट्या दोन आहेत याचा विसर पडू नये. मुलाखतीत, वर्गात, न्यायालयात जेथे ‘पिन’चा ‘बिन’ ऐकला जाऊन अर्थ बदलेल, तेथे अक्षर पक्के हवे. बाकी सुरावर मराठीची छाया राहिली तर त्यात लाजण्याजोगे काही नाही. थाई उपासक ‘बुद्धं’मधील ‘ब’ ‘फ’सारखा म्हणतो, ब्रह्मी उपासकाचा ‘स’ दातांवर जीभ टेकून येतो. त्यांच्या बौद्धपणाविषयी कोणी शंका घेत नाही. मुलाच्या उच्चाराला हसणारा शिक्षक भाषा शिकवीत नाही, जुने कुलूप नव्याने लावतो.

बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात पालीचे व्याकरण व कोश यांची जी सामग्री तयार केली, ती 1998 साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केली. त्यांना शाळेत जी भाषा नाकारली गेली तिचे दार त्यांनी दुसऱ्या बाजूने उघडले. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र शासनाने मराठी व पालि या दोहोंस अभिजात भाषेचा दर्जा दिला. या दर्जाचे सार्थक सत्कारसमारंभांत नाही. उपालीच्या संघाने जे ज्ञान सर्वांना खुले केले, ते वस्तीतील प्रत्येक मुलाच्या कंठापर्यंत पोचविण्यात ते आहे. प्रत्येक विहाराने आठवड्यातील एक तास या कार्यास द्यावा, अशी आमची सर्व उपासक-उपासिकांस विनंती आहे.