मळवलीची लक्ष्मी



लोणावळ्याहून पुण्याकडे निघालं की लोकलचं पहिलं स्टेशन मळवली. कार्ला-भाजे लेण्यांसाठी आपण इथेच उतरतो. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला छापखाना १८९९ मध्ये या मळवलीत आला. एकेका रंगाला वेगळा दगड लावून तिथे देवदेवतांची चित्रं छापत, म्हणून ती साध्या घरांतही पोचली. १९७२ च्या आगीत त्या छापखान्याचा मोठा ठेवा जळाला.

आमच्या माजघरात आजेसासूबाईंनी लावलेली रविवर्मांची लक्ष्मी आहे. काच तडकली म्हणून गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत मी ती भंगारात काढली. म्हटलं, आपण निर्वाण लाडू चढवतो, ही तसबीर कशाला?

सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी नीट बघ तरी."

पाण्यातल्या कमळावर ती उभी, हातांत कमळं, शेजारी सोंडेत माळ घेतलेला हत्ती.

"त्रिशलामातेच्या सोळा स्वप्नांत हत्ती आहे, लक्ष्मीही आहे. हत्ती अजितनाथांचं लांछन, कमळ पद्मप्रभूंचं. चिखलात उगवून चिखल लावून न घेणारं कमळ! आजी आम्हाला हेच दाखवायच्या."

रविवर्मांनी हे चित्र काही आपल्यासाठी काढलं नव्हतं. पण आपल्या बायकांनी त्यात आपला धर्म पाहिला, लेकी-सुनांना शिकवला. मी मात्र तो न विचारताच भंगारात घालणार होते.

काच नवी बसवली. सासूबाईंचं बोलणं कागदावर लिहून तसबिरीमागे चिकटवलं.

तुमच्या माळ्यावर अशी एखादी असेल, तर घरातल्या मोठ्यांना आजच विचारा.