विटांचा हिशेब आणि गवंड्याची कंबर

1885 साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात 17 वर्षांचा फ्रँक गिलब्रेथ कॉलेजची वाट सोडून गवंडीकाम शिकायला उभा राहिला. पहिल्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं, की वीट लावायची प्रत्येक गवंड्याची तऱ्हा निराळी आहे. इतकंच नव्हे, तर एकच गवंडी नवख्याला शिकवताना एका पद्धतीनं वीट लावतो, निवांत असताना दुसऱ्या आणि घाईत तिसऱ्याच. मग यातली बरोबर कोणती? या प्रश्नापायी त्यानं हातांच्या हालचाली मोजायला सुरुवात केली. बांधकामात माहिती गोळा करून काम सुधारण्याचा इतिहास लिहायचा, तर माझ्या मते तो इथून लिहावा.

वीट उचलायची, फिरवून चांगली बाजू बघायची, थापीनं माल घ्यायचा, पसरायचा, वीट बसवायची, थापीच्या दांड्यानं ठोकायची, निघालेला माल कापायचा. अशा 18 हालचाली गिलब्रेथनं मोजल्या. सर्वांत मोठी उधळपट्टी मात्र हाताची नव्हती, कमरेची होती. विटा आणि माल पायाशी पडलेला. सुमारे सव्वादोन किलोची एक वीट घ्यायला 68 किलोचं अंग दोन फूट खाली जायचं आणि पुन्हा वर यायचं, तेही दिवसातून हजारेक वेळा. शास्त्रीय व्यवस्थापनाचा पुरस्कर्ता फ्रेडरिक टेलर यानं 1911 च्या आपल्या पुस्तकात हा हिशेब दिला आहे. पुण्या-नाशकाच्या साइटवर माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. आपली भाजकी वीट तर तीनेक किलोची. चाळिशीतच कंबर धरून बसलेले कितीतरी कसबी गवंडी मी पाहिलेत, म्हणून हा हिशेब मला फार मोठा वाटतो.

गिलब्रेथनं केलेले उपाय आजही कुठल्याही साइटवर जमतील असे आहेत. भिंतीबरोबर थोडी थोडी वर सरकणारी परांची त्यानं केली. गवंडी उभा राहतो त्या फळीपेक्षा उंचावर विटा-मालासाठी वेगळी फळी बसवली, म्हणजे वाकणंच संपलं. विटा खालीच निवडून, चांगली बाजू एकीकडे करून लाकडी चौकटीत रचायचं काम बिगाऱ्यांकडे दिलं. माल इतका बेताचा पातळ करवला, की वीट हाताच्या दाबानंच बसावी, ठोकावी लागू नये. डाव्या हातानं वीट आणि उजव्या हातानं माल एकाच वेळी घ्यायला शिकवलं. 18 हालचालींच्या 5 झाल्या. टेलरच्या नोंदीनुसार 12 इंची भिंतीवर माणशी ताशी 120 विटांऐवजी 350 विटा लागू लागल्या.

हे शहाणपण त्यानं स्वतःपुरतं ठेवलं नाही. 1908 मध्ये साइट चालवण्याचे नियम आणि 1909 मध्ये विटकामाची पद्धत त्यानं पुस्तकरूपानं छापली. सुधारणा सुचवणाऱ्या कामगारांना बक्षिसं ठेवली. तरीही गवंड्यांच्या संघटनांनी विरोध केला. कामाला तिपटीनं वेग आला तर मजुरी किती वाढणार, आणि उरलेल्या हातांना काम कुठलं, हा प्रश्न रास्तच होता. त्याचं पुरतं उत्तर या पद्धतीपाशी नव्हतं. पुढे फ्रँक आणि त्याची पत्नी लिलियन यांनी 1916 मध्ये कामाच्या थकव्यावरच पुस्तक लिहिलं आणि बसायला खुर्ची, अधूनमधून विश्रांती या गोष्टींना कामाच्या हिशेबात जागा दिली. मला लिलियनबाईंचं हे काम फार मोलाचं वाटतं.

विटा हाताळण्याचा असाच हिशेब पुढे मोठ्या कामावरही दिसला. 1930 मध्ये न्यूयॉर्कला एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहू लागली, तेव्हा एक कोटी विटा रस्त्यावर ओतून हातगाड्यांनी वाहण्याऐवजी घसरणीवरून थेट तळघरात सोडल्या गेल्या. तिथून त्या लिफ्टनं वर आणि मग मजल्यावरच्या छोट्या रुळांवरून गवंड्यापर्यंत जात. 102 मजल्यांची ती इमारत 1 मे 1931 ला खुली झाली, साडेतेरा महिन्यांत.

एवढा वारसा असूनही मॅकिन्झी ग्लोबल इन्स्टिट्यूटच्या 2017 च्या अहवालात जगभरातल्या बांधकामाची उत्पादकता आधीच्या दोन दशकांत वर्षाला जेमतेम 1 टक्क्यानं वाढल्याचं दिसलं. साऱ्या अर्थव्यवस्थेच्या उत्पादकतेची वाढ 2.8 टक्के होती. आज आपल्याकडेही सुपरवायझरच्या हातात टॅब असतो. हजेरी, सिमेंटच्या गोण्या, रोजचा प्रोग्रेस रिपोर्ट, सगळं संध्याकाळी ऑफिसात पोचतं. शेजारी गवंडी मात्र पायाशी टाकलेल्या ढिगातून वाकून वीट उचलत असतो. ते वाकणं कुठल्याच रकान्यात येत नाही, म्हणून ते कमी करायचं कुणाच्या मनातही येत नाही.

नव्यानं साइटवर रुजू होणाऱ्या इंजिनिअरांना माझं कळकळीचं सांगणं आहे. ॲप उघडण्याआधी अर्धा दिवस गवंड्याशेजारी उभे राहा. तो किती वेळा वाकतो, मालाची वाट बघत किती वेळ थांबतो, ते लिहून काढा. काय बदलावं हे आधी त्यालाच विचारा आणि बदलातून पैसा वाचला तर त्यातला वाटा त्याच्या मजुरीत दिसू द्या. विटांसाठी दोन फूट उंच फळी मांडायला तर कुणाच्या मंजुरीचीही गरज नाही. ती उद्याच मांडा.