इंधन अंतःक्षेपण पंप, यांत्रिक

अंतर्ज्वलन एंजिनाच्या सिलिंडरात ठरलेल्या क्षणी, मोजून घेतलेले इंधन उच्च दाबाने पाठवणारे साधन. रूडोल्फ डीझेल यांच्या सुरुवातीच्या एंजिनांत इंधन संपीडित हवेच्या झोताने आत सोडले जाई. त्यासाठी लागणारा संपीडक अवजड असल्याने ती एंजिने वाहनांत बसवणे अवघड होते. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये अंतःक्षेपण पंपांचे नियमित उत्पादन सुरू केल्यावर डीझेल वाहनांचा मार्ग मोकळा झाला.

एका ओळीत रचलेल्या पंपात प्रत्येक सिलिंडरासाठी एक दट्ट्या असतो. कॅम दंड त्याला वर ढकलतो. दट्ट्याची धाव कायम तेवढीच असते; त्याच्या अंगावर मात्र तिरकी, सर्पिल कड कोरलेली असते. दंतपट्टी सरकली की दट्ट्या स्वतःभोवती फिरतो. त्यामुळे ही कड नळकांड्यातील छिद्रासमोर लवकर किंवा उशिरा येते, दाब उतरतो आणि नॉझलमधील फवारा थांबतो. यावरून इंधनाचे प्रमाण ठरते. गतिनियंत्रक ही दंतपट्टी हलवतो. दट्ट्या व नळकांडे यांतील फट अवघी काही मायक्रॉन असल्याने इंधन काटेकोरपणे गाळावे लागते.

१९५४ च्या मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल मोटारीच्या पेट्रोल एंजिनातही यांत्रिक अंतःक्षेपण होते. उत्सर्जनाचे नियम कडक झाल्यावर वाहनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. अनेक जुने ट्रॅक्टर व जनित्रे मात्र आजही यांत्रिक पंपांवरच चालतात.